रोजच्या चार चौकटी येतात कुठून?

एका तरुण चित्रकाराचा प्रश्न आहे: "मला चित्रं बऱ्यापैकी काढता येतात. वर्तमानपत्रात रोज येते तशी कॉमिक स्ट्रिप सुरू करायची आहे, पण पाच-सहा विनोद झाले की गाडी अडते. वर्षानुवर्षं स्ट्रिप चालवणाऱ्यांना रोज नवीन सुचतं कसं? आधी चित्र असतं की आधी शब्द? आणि लिहायला दुसरं कुणी घेतलं तर चालतं का?"

मी अनेक वर्षं स्ट्रिप लिहिते आणि काढतेही. मध्यंतरी दुसऱ्या चित्रकारासाठी नुसतं लिहिण्याचं कामही केलं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पहिल्याचं उत्तर लांबेल, कारण खरी मेख तिथेच आहे.

पाच-सहा विनोदांनंतर अडायला होतं, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. हाताशी विनोद असतात, पण ते कुणाचे हे ठरलेलं नसतं. स्ट्रिपमध्ये एक मुलगा असतो, त्याचा मित्र असतो, आई असते. आणि मुलाचं वाक्य उचलून मित्राच्या तोंडी घातलं तरी काही बिघडत नाही. मग रोज शून्यापासून सुरुवात करावी लागते. उलट पात्रांचे स्वभाव पक्के झाले, की रोज नवी कल्पना लागतच नाही. जुन्याच प्रसंगात ही माणसं आज कशी वागतील, एवढं शोधलं तरी पुरतं.

चार्ल्स शुल्झ यांचं काम बघा. 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतल्या सात वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि तिची शेवटची रविवारची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आली. आदल्याच रात्री शुल्झ गेले होते. या पन्नास वर्षांत १७,८९७ स्ट्रिप्स झाल्या. लेखन, चित्र, संवादाच्या फुग्यातली अक्षरं, सगळं त्यांनी एकट्याने केलं, मदतनीस ठेवला नाही. इतकं त्यांना सुचलं कसं, हे समजून घ्यायचं तर त्यातला फुटबॉलचा प्रसंग घ्या. लूसी नावाची मुलगी जमिनीवर चेंडू धरून बसते, स्ट्रिपचा नायक चार्ली ब्राउन लाथ मारायला धावत येतो, ऐन वेळी ती चेंडू काढून घेते आणि तो पाठीवर आपटतो. १९५२ मध्ये लूसीने हे पहिल्यांदा केलं आणि पुढे जवळपास दर वर्षी ते येत राहिलं. काय होणार हे वाचकाला पहिल्याच चौकटीत ठाऊक असतं. म्हणजे शेवटाला धक्का नाही, नवी कल्पना नाही. मग शुल्झ लिहीत काय होते? या वर्षी लूसी त्याला कसं पटवते, एवढंच. कधी ती गोड बोलते, कधी त्याच्या शंकेलाच नावं ठेवते, कधी माणसाने माणसावर विश्वास ठेवण्याबद्दल सुनावते. आणि त्याला पुन्हा एकदा विश्वास ठेवायचाच असतो. १९९९ साली हा प्रसंग शेवटचा आला, तेव्हा आईने जेवायला हाक मारली म्हणून लूसी चेंडू धाकट्या भावाकडे देऊन घरात जाते. त्याने चेंडू काढून घेतला की धरून ठेवला, हे तो तिला सांगत नाही, आणि वाचकालाही कळत नाही. सत्तेचाळीस वर्षं तोच चेंडू, आणि अखेरीला एवढासा बदल. माझ्या मते स्ट्रिपच्या लेखनाचा यापेक्षा चांगला धडा दुसरा नाही.

तेव्हा आधी माणसं ठरवा. नाव, वय, चष्मा, केस हे नंतर. प्रत्येकाला काय हवं असतं, कशाची धास्ती असते आणि स्वतःबद्दलची कोणती गोष्ट त्याला अजिबात दिसत नाही, हे लिहून काढा. माझ्या स्ट्रिपमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेले आजोबा आहेत, त्यांना कुठलीही वस्तू वाया गेलेली सोसत नाही. आठ वर्षांची नात आहे, ती ऐकलेल्या प्रत्येक वाक्याचा शब्दशः अर्थ घेते आणि त्यावरून थेट निष्कर्ष काढते. आणि बँकेत नोकरी करणारी आई आहे, तिला या दोघांच्या भानगडीत पडायला वेळ नसतो. आता या तिघांसमोर धुवून ठेवलेला श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवा. आजोबा तो माळ्यावर ठेवायला निघणार, नात त्यात गोगलगाय पाळणार आणि आई तो कचऱ्यात टाकणार. मी अजून एकही विनोद केलेला नाही, पण भांडण सुरू झालं आहे. स्वभाव बरोबर जमले आहेत का, याची माझी परीक्षा हीच: मध्ये कुठलीही क्षुल्लक वस्तू ठेवली तरी तिघं तीन दिशांना गेली पाहिजेत.

दुसरी परीक्षा बोलण्याची. फुग्यांच्या शेपट्या पुसून टाका आणि नुसती वाक्यं वाचा. कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. मराठीत यासाठी आपल्या हाताशी खूप काही आहे. नात आजीला 'तू' म्हणते की 'तुम्ही', सून सासऱ्यांना 'बाबा' म्हणते की 'अण्णा', शेजारचे काका 'करतो' म्हणतात की 'करतोय की' म्हणतात, एवढ्यावरून घर, गाव आणि नातं उभं राहतं. त्यासाठी वेगळी चौकट खर्च करावी लागत नाही.

आता कच्चा माल. वहीला पर्याय नाही. फोनमध्ये टिपलं तरी चालेल, पण टिपायचंच. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा तरुणपणी गोव्यात असताना चित्रांची रोजनिशी ठेवत. गावातली माणसं, लग्नं, चर्चमधली गर्दी, भेटीगाठी, सगळं त्यात रेखाटलेलं आहे. नंतरच्या त्यांच्या चित्रांत माणसांची जी दाटी दिसते, तिची तालीम त्या पानांवर झाली. स्ट्रिप लिहिणाऱ्याने मात्र माणसं कशी दिसतात यापेक्षा कशी वागतात ते टिपावं. विनोद टिपू नका. कुणी सांगितलेला तयार विनोद स्ट्रिपमध्ये जवळजवळ कधीच चालत नाही, कारण तो पूर्ण झालेला असतो. तुमच्या पात्रांना त्यात करण्यासारखं काही उरत नाही. माझ्या वहीत अशा नोंदी असतात: "इस्त्रीच्या कपड्यांत दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट आला. परत देण्याआधी काकांनी तो अंगाला लावून आरशात पाहिला." "दवाखान्याबाहेर दोघी आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. जिचा जास्त दुखतो तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद." "लिफ्टमध्ये आरसा लावल्यापासून सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये भांडत नाहीत." यात हसू येण्यासारखं काही असेल-नसेल, पण प्रत्येक नोंदीत माणूस काहीतरी लपवतो आहे, आणि स्ट्रिपला नेमकं तेच लागतं.

एक नोंद छापण्यापर्यंत कशी जाते ते दाखवते. वहीत होतं: "रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, वर रबरबँड." आपल्याकडे हे घरोघरी दिसतं. पहिला विचार जो येतो तो असा: नात विचारते, रिमोट पिशवीत का? आजोबा म्हणतात, धूळ बसू नये म्हणून. पुढच्या चौकटीत टीव्हीवर कव्हर, सोफ्यावर कव्हर, आणि शेवटी आजोबाच पिशवीत. चित्र म्हणून बरं दिसेल, पण हे कुणीही कुणाबद्दलही काढू शकतो. आजोबांचा स्वभाव त्यात आहे, नातीचा नाही. पहिला विचार मी शक्यतो वापरत नाही, कारण वाचकालाही तोच आधी सुचलेला असतो.

मग मी नातीकडून विचार केला. ती शब्द धरून बसते. आजोबा कुठला शब्द वापरतील? 'नवा'. "अगं, नवा आहे तो!" त्यावर ती विचारणार, "मग पिशवी कधी काढायची?" आणि आजोबा अगदी सरळपणे म्हणणार, "जुना झाला की." इथे माझी खात्री झाली की स्ट्रिप आहे. आजोबांच्या दृष्टीने या उत्तरात काहीच चूक नाही आणि नातीच्या दृष्टीने ते भयंकर आहे. आता तिने निष्कर्ष काढायचा. तिच्याकडे नवं काय आहे? दिवाळीचा फ्रॉक, जो आईने आणून कपाटात ठेवला आहे.

शेवटच्या चौकटीत ती आईकडे जाते. पहिल्या खर्ड्यातलं वाक्य असं होतं: "आई, आजोबा नव्या वस्तू जुन्या होईपर्यंत काढत नाहीत, म्हणून माझा दिवाळीचा फ्रॉक मला आत्ताच दे." यात सगळं समजावून सांगितलं आहे, म्हणून हसायला काही शिल्लक नाही. दुसरा खर्डा: "आई, आजोबांना कळायच्या आत माझा दिवाळीचा फ्रॉक काढून दे." बरा आहे, पण हसू 'फ्रॉक'वर येतं आणि त्यापुढे 'काढून दे' हे दोन शब्द मागे लोंबकळत राहतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि स्ट्रिप लिहिताना ते सतत आडवं येतं. सुदैवाने बोलताना आपण वाक्य सर्रास उलटं करतो. तिसरा खर्डा: "आई, लवकर दे! माझा दिवाळीचा फ्रॉक!" फ्रॉक शेवटी गेला. 'आजोबांना कळायच्या आत' हे काढून टाकलं, कारण ते चित्रात दाखवता येतं: नात कपाटाला पाठ लावून उभी आहे आणि मान वळवून बाहेरच्या खोलीकडे बघते आहे.

आजोबांचं "जुना झाला की" आणि नातीची धावपळ यांच्यामध्ये मी एक मुकी चौकट ठेवली. आजोबा रबरबँड पुन्हा नीट बसवताहेत, नात त्यांच्याकडे बघते आहे. संवाद नाही. ती चौकट काढली तर स्ट्रिप तीन चौकटींची होते आणि वेगवान वाटते, पण मग मुलगी आधीच ठरवून आल्यासारखी दिसते. विचार करायला तिला वेळ हवा, आणि तेवढाच वाचकालाही. मुकी चौकट ही आळशीपणाने भरलेली जागा आहे असं काही संपादकांना वाटतं. मला मात्र ती लेखनातला सगळ्यात कठीण भाग वाटते.

तुमचा दुसरा प्रश्न, आधी चित्र की आधी शब्द, त्याचं उत्तर यात आलंच. लिहिताना मला चित्र दिसत असतं, पण कागदावर आधी शब्द येतात आणि शब्द पक्के होईपर्यंत मी पेन्सिल हातात घेत नाही. बिल वॉटरसन यांचीही रीत साधारण अशीच होती. 'कॅल्व्हिन अँड हॉब्स' या आपल्या स्ट्रिपच्या कल्पना ते साध्या शाळकरी वहीत लिहीत, संवाद घासूनपुसून घेत आणि मग चित्राला बसत. ज्यांचा हात चांगला आहे, त्यांना हे जड जातं. चित्र देखणं झालं की कच्चा संवादही पक्का वाटायला लागतो, आणि इतकं छान चित्र टाकून द्यायला जीव होत नाही. वहीतलं वाक्य खोडायला काहीच लागत नाही.

रचनेबद्दल थोडं. जपानमध्ये चार चौकटींच्या स्ट्रिपची परंपरा फार पक्की आहे. हासेगावा माचिको या चित्रकर्तीने १९४६ साली फुकुओकाच्या एका स्थानिक दैनिकात 'साझाए-सान' सुरू केली. एका गृहिणीच्या घरातल्या या गोष्टी पुढे 'आसाही शिंबुन' या दैनिकात आल्या आणि १९७४ पर्यंत चालल्या. तिथे चार चौकटींची कामं वाटून दिलेली असतात: पहिलीत प्रसंग, दुसरीत तोच पुढे, तिसरीत वळण आणि चौथीत त्या वळणानंतरची स्थिती. लक्षात घ्या, वळण तिसऱ्या चौकटीत आहे. चौथीत लोक त्या धक्क्याला कसे सामोरे जातात ते दिसतं. आपल्याकडे नवे लोक धक्का नेहमी चौथ्या चौकटीत ठेवतात, आणि त्यामुळे सगळ्या स्ट्रिप्स एकाच ठेक्यात वाजतात. आठवड्यातून दोन-तीनदा तरी वळण एक चौकट अलीकडे आणून बघा. हसू थोडं हलकं होईल, पण माणूस जास्त दिसेल.

याच्या अगदी उलट टोकाला एर्नी बुशमिलर. 'नॅन्सी' ही स्ट्रिप लिहिताना ते शेवटची चौकट आधी ठरवत आणि तिथून उलटं मागे येत. शेवटच्या चित्राला जेवढं लागतं तेवढंच आधीच्या चौकटींत. एक झाड जास्त नाही, एक शब्द जास्त नाही. त्यांच्या स्ट्रिपमध्ये माणसांच्या स्वभावाला फारसा वाव नाही, म्हणून ती माझी आवडती नाही. पण अडलेली स्ट्रिप सोडवायला ही युक्ती अजोड आहे. तुमच्याकडे शेवटचं दृश्य असेल आणि सुरुवात सापडत नसेल, तर मागून या.

फुग्यातल्या जागेचा हिशेब मराठीत वेगळा करावा लागतो. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत जास्त अंतर सोडावं लागतं, आणि इंग्रजीत चार ओळी बसतात तिथे आपल्या तीनच बसतात. एका फुग्यात दहा-बारा शब्दांच्या वर गेलं की पात्राचं डोकं खाली दबतं. संवाद लिहून झाल्यावर 'अरे', 'म्हणजे', 'आता', 'तर' यांतलं काय काढता येईल ते बघा. पण सगळंच काढू नका, नाहीतर माणसं तारेसारखं तुटक बोलायला लागतात. आणि जे चित्रात दिसतं ते फुग्यात लिहू नका. शि. द. फडणीस यांची 'हसरी गॅलरी' ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्या चित्रांखाली एक अक्षर नसतं, आणि तरी प्रत्येकात संपूर्ण प्रसंग असतो. स्ट्रिप लिहिणाऱ्याने ती चित्रं लेखन म्हणून वाचावीत: कुठली वस्तू कुठे ठेवल्यामुळे गोष्ट कळते आहे, ते शोधावं.

आता, काहीच सुचत नाही तेव्हा. तसे दिवस येतात आणि त्यावर उपाय आहेत. एकमेकांशी न पटणाऱ्या दोन पात्रांना अशा जागी अडकवा जिथून निघता येत नाही: बंद पडलेली लिफ्ट, शेअर रिक्षा, वीज गेलेली संध्याकाळ, लग्नातली जेवणाची पंगत. किंवा दोघांची भूमिका उलटी करा. एक दिवस आजोबांना गृहपाठ आणि नातीकडे तपासणी. किंवा एकच प्रसंग आठवडाभर चालवा. घरात पाहुणा आला, दात हलायला लागला, सायकल शिकायची आहे, अशा एका प्रसंगातून सहा दिवस निघतात, आणि वाचकही दुसऱ्या दिवसाची वाट बघतो. फक्त प्रत्येक दिवसाची स्ट्रिप स्वतंत्रपणे कळली पाहिजे, कारण मंगळवारचा पेपर न पाहिलेला वाचक बुधवारी असतोच.

वस्तू पुन्हा वापरणं हाही मोठा आधार आहे. 'कॅल्व्हिन अँड हॉब्स'मधल्या कॅल्व्हिन या मुलाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बघा. उपडं घातलं की ते माणसाचा प्राणी करणारं यंत्र, आडवं केलं की नक्कल काढणारं, सरळ ठेवलं की कालयंत्र. एका खोक्यातून वॉटरसननी आठवडेच्या आठवडे लिहिले, आणि त्या खोक्याची कल्पना त्या मुलाच्या स्वभावातून आली आहे. तो ज्या ठामपणे खोक्याला यंत्र म्हणतो, त्या ठामपणावर सगळं उभं आहे.

मॉर्ट वॉकर यांची पद्धत आणखी वेगळी. १९५० पासून चाललेल्या 'बीटल बेली' या स्ट्रिपसाठी त्यांच्याकडे सहकाऱ्यांचा गट होता. प्रत्येकजण कच्च्या रेखाटनांसह आपापल्या कल्पना घेऊन येई, सगळ्या सगळ्यांना दाखवल्या जात, त्यांना गुण दिले जात आणि चांगल्या तेवढ्या ठेवल्या जात. एकटं काम करणाऱ्यालाही यातून घेण्यासारखं आहे. एका बैठकीत एकच कल्पना लिहायला बसू नका, बऱ्याच लिहा आणि त्याच दिवशी निवड करू नका. लिहिल्या दिवशी सगळंच हसू आणतं. चार-पाच दिवसांनी वाचल्यावर जी उभी राहते ती घ्या. आणि ती अशा माणसाला वाचायला द्या जो तुमचं मन राखण्यासाठी हसणार नाही.

यासाठी साठा हवा. अमेरिकेतल्या सिंडिकेटना, म्हणजे एकच स्ट्रिप अनेक वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या संस्थांना, रोजच्या स्ट्रिप्स काही आठवडे आधी आणि रविवारच्या रंगीत त्याहूनही आधी द्याव्या लागत आल्या आहेत. आपल्याकडे संपादक इतकी घाई करत नाहीत, पण तुम्ही स्वतः करा. निदान महिनाभराचा साठा असला, तर तापात असताना किंवा घरात लग्न असताना पाट्या टाकाव्या लागत नाहीत. याचा लेखनावर मोठा परिणाम होतो: ताजी बातमी आपोआप वगळली जाते. आर. के. लक्ष्मण यांचं काम वेगळं होतं. 'टाइम्स ऑफ इंडिया'त १९५१ पासून येणाऱ्या त्यांच्या छोट्या चौकटीचा जीवच त्या दिवसाच्या बातमीत होता, म्हणून रोज वर्तमानपत्रांचा ढीग वाचून त्याच दिवशी त्यांना ती काढावी लागे. स्ट्रिपचा कच्चा माल पंचांगात जास्त आहे: पहिला पाऊस, शाळेची नवी पुस्तकं, दहावीचा निकाल, वारी, गणपतीची वर्गणी, फराळाची भांडी, लग्नसराई. रिमोटची स्ट्रिप मी भर पावसाळ्यात लिहिली होती. फ्रॉक आल्यामुळे ती दसऱ्यानंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवली.

वाचकही माल पुरवतात. स्कॉट अॅडम्स यांनी १९९३ मध्ये 'डिल्बर्ट' या आपल्या स्ट्रिपमध्ये स्वतःचा ईमेल पत्ता छापायला सुरुवात केली. कंपन्यांत काम करणाऱ्यांनी आपल्या साहेबांच्या तऱ्हा कळवल्या आणि स्ट्रिप हळूहळू पूर्णपणे ऑफिसातच जाऊन बसली. वाचकांचं ऐकावं, पण त्यांनी पाठवलेला विनोद घेण्याऐवजी त्यामागची तक्रार घ्यावी, असं मी सुचवेन.

तिसरा प्रश्न: लिहायला दुसरं कुणी. जरूर चालतं. मराठीतलं ठळक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये 'चिंटू' सुरू केला. अनेक घरांत मुलांनी पेपर उघडायला सुरुवात केली ती त्याच्यासाठी. त्यातला विनोद घरातला, कॉलनीतला, शाळेतला; आई, पप्पा, पप्पू, मिनी यांच्यात घडणारा. चिंटूची आई चिंटूच्याच आईसारखी बोलते, दुसऱ्या कुणाच्या आईसारखी नाही, हे त्यातल्या लेखनाचं बळ आहे. तिकडे हँक केचम यांनी 'डेनिस द मेनस' १९५१ मध्ये सुरू केली ती आपल्याच चार वर्षांच्या मुलाच्या खोड्यांवरून आणि त्याच्याच नावाने, पण पुढे विनोद इतर लेखकांकडून विकत घेतले. डेनिस कसा आहे हे इतकं ठरून गेलं होतं, की दुसऱ्यालाही त्याच्यासाठी लिहिता आलं.

जोडीने काम करताना लेखकाने चित्रकाराला चित्र सांगू नये. "आजोबा डावीकडे, हात कमरेवर" असं लिहून दिलेलं हस्तलिखित मला स्वतःला कधी उपयोगाचं वाटलं नाही. काय घडतं आणि कोण काय बोलतं एवढं द्यावं. चित्रकाराने मात्र संवाद कापण्याचा हक्क मागून घ्यावा, कारण त्याच्या चित्राने काय आधीच सांगितलं आहे ते त्यालाच दिसतं. आणि एखादी स्ट्रिप नको असं दोघांपैकी एकाला वाटलं तर ती जाऊ द्यावी, वाद घालत बसू नये. साठा असतो तो यासाठीही.

सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवाच: पात्रं वाढणार की आहेत त्याच वयाची राहणार. चार्ली ब्राउन पन्नास वर्षांत मोठा झाला नाही. लिन जॉन्स्टन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स'मध्ये मुलं वाचकांबरोबर मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, आणि १९९५ मध्ये घरातला कुत्रा फार्ली बुडणाऱ्या लहान मुलीला वाचवून मरण पावला, तेव्हा वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण मध्येच बदलता येत नाही. पात्रं वाढवायची असतील तर लेखन दसपट अवघड होतं आणि दसपट खोलही जाऊ शकतं.

शेवटी, कुणाला दाखवण्याआधी किती तयार असाव्यात? अमेरिकेत सिंडिकेटकडे नमुना म्हणून दोन डझन किंवा जास्त स्ट्रिप्स द्यायची पद्धत आहे, आणि मला ती योग्य वाटते. पाच-सहा चांगल्या स्ट्रिप्स कुणाच्याही होतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. चोवीस करा. त्यात पहिल्या काहींत पात्रं ओळख करून देत बसलेली दिसतील: "मी अमुक, हा माझा मित्र तमुक." त्या काढून टाका. साधारण आठव्या-दहाव्यापासून ती माणसं तुमचं न ऐकता बोलायला लागलेली असतील, आणि संपादकाला तिथून पुढच्या दाखवा.